रस्त्याकडचा गोल

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. सुनीताला, माझ्या बायकोला, सुद्धा नाही — आणि ती तर त्या सकाळी वरच्या गॅलरीत कपडे वाळत घालत उभी होती, आम्ही दोघं स्कूटरवरून परत आलो तेव्हा. तिनं वरूनच विचारलं, काय झालं? मी म्हटलं, हरले. ते खरंच होतं. खरं बोलूनसुद्धा लपवता येतं, हे मला त्या दिवशी कळलं.

तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, सुंदररावांना ओळखत नाही — कदाचित म्हणूनच. पण सुंदरराव कळल्याशिवाय मी काय केलं ते कळायचं नाही. म्हणून आधी त्यांच्याबद्दल. आणि मनातलं सांगू? त्यांच्याबद्दल बोलायला मला आवडतं. अजूनही आवडतं. म्हणूनच मूळ गोष्टीपर्यंत यायला मी उशीर लावतोय असं वाटलं, तर ते बरोबर आहे.

दोन हजार साल उलटून थोडेच दिवस झाले होते. माझी चेन्नईला बदली झाली, ऑफिस शोळिंगनल्लूरला. तेव्हा तिथला रस्ता आताएवढा रुंद नव्हता. काचेची इमारत, मग ताडाची झाडं, मग पुन्हा काचेची इमारत, असं चाललं होतं. आम्ही घर शोधत होतो. एका दुमजली घराचा वरचा मजला बघताना सुनीता मला हळूच म्हणाली, "घर चांगलं आहे हो, पण मोरी फारच लहान." दारात उभा असलेला घरमालक हसला आणि म्हणाला, "मोरी थोर करून देतों. राहा तुम्ही."

थोर! आम्ही दोघं बघतच राहिलो.

ते सुंदरराव. तंजावरकडचे. पिढ्यान् पिढ्या तिकडेच. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ. जॉर्ज टाउनमध्ये बंदराचा माल सोडवून देणाऱ्या एका ऑफिसात ते कारकून होते, रोज दोन बस बदलून जायचे. त्यांची मराठी पहिले काही दिवस मला कळायचीच नाही. शब्द जुने, आजोबांच्या आजोबांचे, आणि चाल तमिळ — प्रत्येक वाक्य शेवटाला उंच जायचं. मी बॉल म्हणायचो, ते चेंडू म्हणायचे. एकदा म्हणाले होते, "आमची भाषा घराबाहेर काढायची आम्हांस सवय नाही. कोणाशी बोलणार? तुम्ही आलांत, बरें झालें." त्यांची बायको, कमलाक्का, सुनीताला लेकीसारखी वागवायची. परक्या गावात असं घर मिळायला नशीब लागतं. आम्हाला मिळालं होतं.

मी कोल्हापूरचा. म्हणजे फुटबॉल आलाच. तालमीच्या दुसऱ्या फळीत खेळत होतो, कॉलेजात गुडघा गेला, आणि खेळणं संपलं. पण मैदान सुटत नव्हतं म्हणून शिट्टी घेतली. चेन्नईत रस्त्याच्या पूर्वेला, कालव्याच्या अलीकडे एक वाळूचं मैदान होतं. एका टोकाचा गोल रस्त्याकडे, दुसरा कालव्याकडे. जाळी कुठल्याच गोलाला नाही. दर रविवारी सकाळी तिथे सामने चालायचे, आणि मी सहज एकदा शिट्टी वाजवली ती कायमचीच माझ्या गळ्यात आली. रविवारी सुंदररावांच्या स्कूटरवर मागे बसून जायचं, त्यांच्याच मागे बसून परत यायचं. मैदानावर ते खेळाडू, मी पंच. पण स्कूटरवर आम्ही कधी खेळाबद्दल बोलायचो नाही. हा त्यांचाच नियम. एकदा मी काहीतरी काढलं, तर म्हणाले, "तो विषय नको. लोक बघतात."

सुंदरराव तेव्हा पंचेचाळिशीचे होते. केसांना कलप लावायचे, आणि घाम आला की तो कलप मानेवरून कॉलरवर उतरायचा — पोरं हसायची, ते स्वतःही हसायचे. पोट थोडं सुटलेलं. बचावात मधोमध उभे राहायचे. आणि काय खेळायचे! धावताना त्यांना मी क्वचितच पाहिलं. बॉल जिथे यायचा तिथे ते आधीच उभे असायचे, बसस्टॉपवर उभं असावं तसे. विशीतली पोरं वाऱ्यासारखी यायची आणि त्यांच्यापाशी येऊन अडायची. तोंड सतत चालू — डावीकडे सरक, मागे बघ, त्याला सोड, मी आहे. आपल्या टीमशी बोलता बोलता ते समोरच्याचा शर्टही धरायचे. हो, धरायचे! इतक्या सफाईनं की मला वर्षभर दिसलंच नाही. दिसलं तेव्हा मी शिट्टी मारली, आणि त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू शिष्याला शेवटी गणित सुटलं. संत नव्हते ते. मला संत सांगायचाच नाही तुम्हाला. मला एक खेळाडू सांगायचाय, ज्याच्यासारखा खेळाडू मी कोल्हापुरातही बघितला नाही.

पोंगलनंतर तिथे एक छोटी स्पर्धा व्हायची. आसपासच्या वस्त्या, ऑफिसं, एखादं कॉलेज. चषक पितळेचा, पण त्यासाठी माणसं महिनाभर पहाटे उठायची. सुंदररावांची टीम म्हणजे जुनं गाव: लेथचं वर्कशॉप चालवणारा सेल्वम, एक बँकेतला कॅशियर, शाळेतले ड्रिल मास्तर, कोळीवाड्यातले दोघे भाऊ. इतकी वर्षं खेळून ही टीम अंतिम सामन्याला कधी पोचली नव्हती. त्या वर्षी पोचली. आणि समोर कोण? आमचं ऑफिस. कॅप्टन रमेशकुमार — माझा मॅनेजर. गोलात प्रवीण — माझ्या शेजारच्या टेबलावर बसणारा.

एकीकडे घरमालक, दुसरीकडे साहेब. मी पंच. त्या मैदानावर दुसरा शिट्टीवाला नव्हता, आणि असता तरी मी सोडलं असतं का? नाही. अंतिम सामना होता. मला तो हवा होता.

आता त्याच्या आधीच्या रविवारचं सांगायला हवं. उपांत्य सामन्यात मी जुन्या गावाला एक पेनल्टी दिली होती. शंभर टक्के बरोबर. त्यावर ते जिंकले. पण मध्यंतरात सुंदररावांनी मला विचारलं होतं, "पाणी पाहिजे काय?" आणि मी म्हटलं होतं, "द्या की." एवढंच. पण मराठीत. ते कुणीतरी ऐकलं. सोमवारी कॅन्टीनमध्ये रमेशकुमार इडलीची प्लेट घेऊन माझ्या समोर बसला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "या रविवारी आम्हाला एक दुभाषी लागेल बहुतेक. पंच आणि ते काका काय ठरवतात ते कळायला!" सगळे हसले. मीही हसलो. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं, माणूस चांगला होता तो. पण ते हसणं माझ्या पोटात राहिलं. आठवडाभर राहिलं.

मी त्याला दोष देत नाहीये. हे नीट लक्षात घ्या. तो फक्त हसला होता.

रविवार उजाडला. वाळू थंड होती, सगळी वस्ती जमली होती, कमलाक्का सोडून; तिला बघवायचं नाही. पहिला अर्धा भाग गोलाविना गेला. सुंदररावांनी रमेशकुमारला अक्षरशः खिशात ठेवलं होतं. दुसऱ्या भागात जुनं गाव रस्त्याकडच्या गोलावर चाल करत होतं. त्यांना कॉर्नर मिळाला. आणि सुंदरराव — जे कधी मध्यरेषा ओलांडायचे नाहीत — हळूहळू चालत पुढे आले. वर्कशॉपवाला सेल्वम कॉर्नर घ्यायला उभा होता, त्यांनी त्याला हातानं खूण केली. बॉल आला. आणि तो पोट सुटलेला, कलप गळणारा माणूस हवेत असा उठला — मी वर्णन करू शकत नाही. सगळ्यांच्या वर. क्षणभर तिथे थांबला असं वाटलं. डोक्यानं मारलेला बॉल वरच्या दांडीच्या आतल्या बाजूला लागला, खाली पडला, आणि फिरकी घेऊन बाहेर आला. प्रवीणनं त्यावर झेप घेतली.

खाली कुठे पडला?

मी खांबाच्या जवळच होतो. रेषेच्या सरळीत. मधे कुणी नाही. चुन्याची रेषा अर्धी पुसली होती, पण होती. बॉल रेषेच्या आत पडला. रेषेवर नाही — आत. हातभर आत. वाळूत खळगा पडला तोसुद्धा मी पाहिला. बाकीच्यांच्या डोळ्यांसमोर प्रवीणची पाठ होती, सुंदरराव स्वतः खाली कोसळले होते. पाहिला तो प्रवीणनं आणि मी. प्रवीण बॉल छातीशी धरून वाळूत पडला होता आणि माझ्याकडे बघत होता. शिट्टीची वाट बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर तक्रार नव्हती. त्यानं मान्य केलं होतं.

शिट्टी माझ्या ओठांत होती.

आणि मी हात हलवला. खेळ चालू.

का? किती वेळा विचारलं असेल स्वतःला. त्या एका श्वासात मला कॅन्टीन ऐकू आलं, एवढं मला माहीत आहे. हा गोल दिला तर पुन्हा सगळे हसतील — दुभाषी, दुभाषी. सुंदररावांचा गोल होता, म्हणून मी तो दिला नाही. दुसऱ्या कुणाचा असता तर दिला असता. इतकं साधं आहे ते. पण थांबा, इथे संपत नाही. हे संपलं असतं तर मी तुम्हाला सांगितलंही नसतं कदाचित. पंचाच्या हातून चुका होतात म्हणून सोडून दिलं असतं.

सुंदरराव उठले. त्यांच्या तोंडाला वाळू लागली होती. माझ्याकडे धावत आले — धावत, ते! — आणि त्यांच्या तोंडून जे निघालं ते तमिळ नव्हतं. "चेंडू आंत गेला! उदयराव, आंत गेला! तुम्ही पाहिलांत नव्हे?"

उंबऱ्याबाहेर न काढायची ती भाषा त्यांनी भर मैदानात काढली. विचार करून नव्हे; आनंदानं निघाली. माणूस अशा वेळी आपल्या घरच्या भाषेतच ओरडतो ना? आणि मी काय केलं? मी दोन पावलं मागे सरकलो. खिशातून पिवळं कार्ड काढलं. आणि सगळ्या मैदानाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं इंग्रजीत म्हणालो, "नंबर फाइव्ह! टॉक टू मी इन इंग्लिश!"

नंबर फाइव्ह. ज्यांच्या घरात मी राहत होतो.

ते थांबले. माझ्याकडे बघत राहिले. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. ते रागावले नाहीत. त्यांना काहीतरी समजलं, असा तो चेहरा होता — काय समजलं, ते मी आजवर विचारलेलं नाही. त्यांनी तोंडावरची वाळू पुसली आणि उलट्या पावली आपल्या जागेकडे निघाले. जाता जाता सेल्वमला, जो माझ्या अंगावर यायच्या बेतात होता, दंडाला धरून घेऊन गेले. रमेशकुमार माझ्या जवळून जाताना म्हणाला, "गुड कॉल." आणि मला — हे सांगायला लाज वाटते — मला बरं वाटलं.

सामना संपत आला होता. आमच्या ऑफिसची चाल कालव्याकडच्या गोलावर आली. गर्दीत बॉल उडाला, सुंदरराव दोघांच्या मधे अडकले होते, पाठ माझ्याकडे. बॉल बाहेर गेला. कुणीच काही मागितलं नाही. मीही काही पाहिलं नव्हतं, खरोखरच नव्हतं. आणि सुंदररावांनी हात वर केला.

मला वाटलं, काही लागलं असेल त्यांना. मी जवळ गेलो. त्यांनी मनगटाच्या वरची जागा दाखवली आणि सावकाश, शाळेतल्या मुलासारखं, म्हणाले, "हँडबॉल, सर. माय हँड."

इंग्रजीत. मी सांगितलं होतं ना, म्हणून.

सर म्हणाले मला. त्याआधी कधी म्हणाले नव्हते, नंतरही नाही.

आता नीट ऐका, कारण हा तिसरा अपराध आहे आणि बाकी दोन्हींपेक्षा तो थंड डोक्यानं केलेला आहे. हात मुद्दाम लावलेला नव्हता. चुकून चाटून गेलेला बॉल होता. नियमानं मला तो सोडता येत होता. मी मान हलवून 'खेळा' म्हटलं असतं तर कुठल्याही पंचानं मला चूक म्हटलं नसतं. विचार करायला भरपूर वेळ होता, सगळे थांबलेच होते. आणि मी बोटानं पेनल्टीची जागा दाखवली. का, ते तुम्ही ओळखलंच असेल. नाही दिली तर लोक म्हणाले असते — स्वतः कबूल केलं तरी पंचानं आपल्या माणसाला वाचवलं.

रमेशकुमारनं पेनल्टी मारली. गोल. एक शून्य. जुनं गाव हरलं.

सेल्वम सुंदररावांवर असा ओरडला की कालव्यापलीकडे ऐकू गेलं असेल. कुणी पाहिलं होतं? कुणी विचारलं होतं? शर्ट ओढताना कधी सांगितलंत का हो पंचाला? सुंदरराव वाळूत बसून बूट काढत होते. तमिळमध्ये बोलले, पण तेवढं तमिळ तोवर मला येत होतं. म्हणाले, "शर्ट ओढला तर पंचानं बघायचं, ते त्याचं काम. हात लागला ते फक्त मलाच ठाऊक होतं. मग कोण सांगणार?"

मी तीन हातांवर उभा होतो, शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळत. कुणाच्या लक्षातही आलं नाही की ते वाक्य कुणाला लागलं. माझ्यासाठी त्यांनी म्हटलंच नव्हतं ते. ते आपले बुटाची गाठ सोडवत होते.

मी ठरवलं होतं, आज बसनं जायचं. त्यांच्यासमोर जायचंच नाही. पण मैदानाबाहेर आलो तर ते स्कूटर सुरू करून उभे. हातानं मागच्या सीटवरची वाळू झटकून त्यांनी मला मानेनं खूण केली. मी बसलो. मग सिग्नलला थांबलो तेव्हा, मागे न बघता, त्यांनी स्वतःचाच नियम मोडला. "उदयराव, एकच विचारतों. तुम्हाला दिसला नाही काय?"

त्यांची पाठ माझ्यासमोर होती. कॉलरवर काळा ओघळ. बघा, किती सोपं होतं — चेहरा बघायचा नव्हता, दाखवायचा नव्हता. 'दिसला होता' एवढे दोन शब्द. ते काय करणार होते? घराबाहेर काढणार होते? मारणार होते? ते काहीही करणार नव्हते, हे मला पक्कं ठाऊक होतं.

मी म्हटलं, "ऊन डोळ्यांवर आलं हो. काही दिसलंच नाही."

शब्द तोंडातून निघाले आणि मला कळलं, मी काय बोललो ते. सकाळची वेळ. सूर्य कालव्याकडून, समुद्राकडून वर आलेला. आणि गोल रस्त्याकडचा — पश्चिमेचा. ऊन माझ्या पाठीवर होतं. डोळ्यांवर येणं शक्यच नव्हतं. आणि त्या मैदानावर अर्धं आयुष्य घालवलेल्या माणसाला, कुठल्या वेळी कुठल्या गोलात ऊन असतं हे काय मी सांगायला हवं होतं?

सिग्नल सुटला. त्यांनी गिअर टाकला. आणि म्हणाले, "हां. ऊन होतें खरें."

घरी फाटकात कमलाक्का उभी होती. तिनं विचारायच्या आत तेच म्हणाले, हरलों, पण सामना छान झाला, आणि उदयरावांना काही विचारू नको, दमलेत. वर गॅलरीत सुनीता होती. ते मी सांगितलंच.

पुढे काय झालं ऐकायचंय? माझं भलं झालं. 'आपल्या घरमालकाचा गोल न देणारा पंच' म्हणून माझं नाव सगळ्या रस्त्यावर झालं. पार अड्यारपासून सामन्यांना बोलावणी येऊ लागली. ऑफिसात कुठे दोन टीममध्ये वाद झाला तर रमेशकुमार म्हणायचा, उदयला विचारा, तो सख्ख्या भावालाही सोडणार नाही. मी हे सगळं घेतलं. मला ते आवडलं — हेही खोटं कशाला बोलू? प्रवीण तेवढा माझ्याशी पूर्वीसारखा बोलेनासा झाला, आणि वर्षभरात नोकरी बदलून गेला. जाताना सगळ्यांशी हात मिळवला, माझ्याशीही मिळवला, पण बघितलं दुसरीकडे.

सुंदरराव त्यानंतर स्पर्धेत खेळले नाहीत. गुडघे बोलतात, म्हणाले. पण रविवारी मला मैदानावर न्यायचं त्यांनी सोडलं नाही. मी शिट्टी वाजवायचो आणि ते कडेला वाळूत बसून जुन्या गावातल्या तरुण पोरांना ओरडून सांगायचे — डावीकडे सरक, मागे बघ. माझ्या एखाद्या निर्णयावर कुणी कुरकुरलं की मला त्यांचाच आवाज ऐकू यायचा: "पंच दिसतें तेंच देतो. गप खेळा." आमच्यात काहीही बदललं नाही. मोरी तर त्यांनी आधीच मोठी करून दिली होती. कमलाक्का सुनीताच्या बाळंतपणात आईच्या जागी उभी राहिली. मला रोज वाटायचं, आज खाली जाऊन सांगू. रोज. आणि रोज मी खाली जायचो, पेपर वाचायचो, कॉफी प्यायचो, वर यायचो.

मग माझी पुण्याला बदली झाली. सेंट्रलवर ते सोडायला आले होते. तेव्हाही नाही.

त्यानंतर दोनेक वर्षांनी त्यांच्या मुलीचं लग्न झालं, चेन्नईतच. आम्ही दोघं मुलाला घेऊन गेलो. सुंदररावांनी रेशमी वेष्टी, तिकडचं धोतर, नेसली होती. केसांचा कलप सोडून दिला होता, पांढरे केस त्यांना शोभत होते. मला बघताच मांडवातून धावत आले आणि हाताला धरून थेट व्याह्यांकडे घेऊन गेले. व्याही म्हणजे तंजावरचेच, मराठी बोलणारे, वयस्कर, गंभीर गृहस्थ. चार नातेवाईक भोवती. सुंदरराव आनंदानं नुसते उसळत होते.

"ज्यांचें सांगत होतों नव्हे, तेच हे उदयराव! आपल्या माणसाचाही गोल दिला नाही म्हणून सांगितलें ना, तेच!" आणि मग त्यांनी ती गोष्ट सांगायला घेतली. किती वेळा सांगून सांगून ती गुळगुळीत झाली होती, ते ऐकतानाच कळत होतं. कॉर्नर, उडी, दांडी. सगळं जसंच्या तसं. "आणि सायंकाळची वेळ," ते म्हणाले. "सूर्य रस्त्याकडे उतरलेला. ह्यांच्या बरोबर डोळ्यांवर ऊन. कसें दिसणार? दुसरा असता तर आपला मित्र म्हणून देऊन टाकला असता. ह्यांनी दिला नाही. पाहिलें नाही तें दिलें नाही."

सायंकाळची वेळ.

मी त्यांच्याकडे बघितलं. ते माझ्याकडे बघत नव्हते. व्याह्यांकडे बघत होते, हसत होते, त्यांचा हात माझ्या खांद्यावर होता. चुकून चाटून गेलेला बॉल ज्यांच्यानं लपववला नाही, त्या माणसानं माझ्यासाठी सगळा सामना सकाळचा संध्याकाळी नेला होता. आणि तो तिथे किती वर्षं ठेवला होता? कुणाकुणाला सांगितला होता? मी पुण्यात असताना, मी ऐकत नसताना, मला कधी कळणारही नसताना?

मी बोलू शकलो असतो. 'सामना सकाळी होता' — चार माणसांत एवढंच म्हणायचं होतं. व्याह्यांनी माझा हात दोन्ही हातांत घेतला आणि म्हणाले, "अशीं माणसें आता कोठें?" मी मान खाली घातली. त्यांना तो विनय वाटला.

पहिल्या पंगतीत व्याह्यांनी मला आपल्या शेजारी बसवलं. केळीचं पान आलं. मी त्यावर पाणी शिंपडलं, हातानं निपटलं. सुंदरराव स्वतः तुपाचं भांडं घेऊन वाढायला आले आणि माझ्या भातावर, मी पुरे म्हणत असताना, आणखी एकदा वाढून गेले.

मी जेवलो.